वरच्या पाकिटात खऱ्या विटा, खालच्या पाचांत कच्ची माती

ठाण्यात आणि आसपास डायोरामा (एखाद्या जागेचा छोटा त्रिमितीय देखावा) करणारे, मॉडेल रेल्वेचे स्टेशन बांधणारे, दिवाळीच्या किल्ल्यावर जीव ओतणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. भाजलेल्या मातीच्या छोट्या विटा ऑनलाइन मागवणार असाल तर ऑर्डर देण्याआधी वाचा.

नौपाड्यातली आमची दोन मजली चाळ पुनर्विकासाला जातेय. डिसेंबरात ती रिकामी होणार. तिची प्रतिकृती करून नव्या इमारतीत ठेवायची असं सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं, कारण गेली बारा वर्षं मी हेच करतो. घरटी वर्गणी निघाली. तळमजल्यावरच्या काकूंचं एकच मागणं होतं, "विहिरीकडची भिंत तेवढी नीट कर रे. गिलावा पडलाय ना, तसाच दाखव."

त्या भिंतीसाठीच मला सुट्या विटा हव्या होत्या. विटांचा छापील कागद मिळतो, थर्माकोलवर रेघा मारूनही लांबून भिंत दिसते. पण कोपऱ्याची वीट निखळलेली, एखादी अर्धी तुटलेली, हे सुट्या विटांशिवाय जमत नाही. प्रमाण 1:24 धरलं होतं. जुनी वीट 9 इंच लांब, साडेचार रुंद, 3 उंच. म्हणजे माझी वीट 9.5 मिलिमीटर लांब, 4.8 रुंद आणि 3.2 उंच. मागची भिंत आणि विहिरीचा कठडा मिळून हिशोब 3,000 विटांचा निघाला.

एवढ्या हाताने करायला वेळ नव्हता. सोशल मीडियावर एकाचं पान सापडलं. भट्टीचा व्हिडिओ, लालभडक विटांचे ढीग, दर अडीच रुपये नग. मी घाई केली नाही, आधी नमुना मागवला. चाळीस विटा आल्या आणि त्या खरंच सुरेख होत्या. कडा किंचित ओबडधोबड, रंग कुठे नारिंगी, कुठे काळपट. स्टीलच्या ताटलीत टाकल्या की खणखण वाजत. एक रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी होती तशीच. मी 7,500 रुपये पाठवले. "मोठी ऑर्डर आहे सर, पूर्ण ॲडव्हान्स लागेल, भट्टी लावायची आहे," असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. पैसे जाताना स्क्रीनवर आलेलं नाव पानावरच्या नावाशी जुळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "भावाचं खातं आहे." तिथे मी थांबायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी खोकं आलं. पाचशे विटांचं एक, अशी सहा पाकिटं. सगळ्यात वरचं उघडलं, मूठभर विटा ताटलीत टाकल्या, तोच आवाज. दोन पाण्यात टाकल्या, ठीक. त्या पाकिटातल्या विटांनी मागच्या भिंतीचे खालचे थर लागले. मग दुसरं फोडलं. रंग तोच, माप तेच. रविवारचे पुढचे दहा तास त्यात गेले. चिमट्याने एकेक वीट उचलायची, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, चार-पाच थरांनी एकदा ओळंबा बघायचा.

मग दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरायला घेतल्या. चाळलेली बारीक वाळू, थोडा चुना, पाण्यात पातळ केलेलं फेव्हिकॉल. ब्रशने भरून ओल्या स्पंजाने पुसायचं, ही माझी नेहमीची पद्धत. स्पंजाचा पहिला हात फिरला आणि तो गेरूसारखा लाल झाला. वाटलं, वरची धूळ असेल. दुसऱ्या हाताला विटांच्या कडा गोल झाल्या. नजर वर नेली तर सातव्या थरापासून वरची भिंत पोटातून फुगत होती. मी बोट लावलं आणि तीन विटा एकमेकींत मिसळून बोटाला चिकटून आल्या. चिखल. खालचे सहा थर मात्र कोरडे ठणठणीत उभे होते. भाजलेली वीट कुठे संपली आणि कच्ची कुठे सुरू झाली, ते भिंतीनेच रेघ ओढून दाखवलं.

उरलेल्या पाचही पाकिटांच्या तळातल्या विटा काचेच्या ग्लासात टाकल्या. आधी बुडबुडे आले, मग कडा झडल्या, दहा मिनिटांत तळाशी गाळ. मोडून पाहिली तर आत करडी माती आणि बाहेर गेरूचा पातळ थर. म्हणजे माती सुकवून, गेरू फासून पाठवलेली, भट्टी बघितलेलीच नाही. माती साधारण 600 अंशांच्या पुढे तापली की तिच्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती पुन्हा चिखल होत नाही. खरा लाल रंगही मातीतल्या लोहामुळे भाजताना येतो आणि तो आतपर्यंत असतो. जळण आणि वेळ वाचवायला या माणसाने नेमकी भट्टीच गाळली, आणि ते लपवायला नमुना आणि वरचं पाकीट खरं ठेवलं.

समोरच्या इमारतीचं काम करणाऱ्या गवंडीदादांना ग्लास दाखवला. ते म्हणाले, "आम्ही तर वीट भिजवल्याशिवाय लावतच नाही. ट्रक आला की मधली नि तळाची काढून बघायची, वरची कशाला बघायची?" बांधकामाच्या साध्या विटेलाही 24 तास बुडवून तिने वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये अशी मर्यादा आहे. पाण्याची परीक्षा मला माहीत होती. ती मी चुकीच्या पाकिटावर केली.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, "पाणी लावायचं नसतं सर." मी ग्लासाचा व्हिडिओ पाठवला. मग अगदी गोड बोलून त्याने एक क्यूआर कोड पाठवला: "रिफंड करतो, स्कॅन करून पिन टाका." इथे कृपया लक्ष द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात. मी नकार दिल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. विटांत फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटायची तयारी त्याने ठेवली होती, याचा मला जास्त राग आहे.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार नोंदवली. तिथे लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. माझे जाऊन महिना होत आला होता. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, पण दावा लावायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो आणि माझ्याकडे बिल नाही. कुरिअरच्या चिठ्ठीवर अर्धवट पत्ता आहे. खोकं उघडतानाचा व्हिडिओही मी काढला नव्हता. पैसे अजून आलेले नाहीत. वर्गणीतली ती रक्कम मी स्वतः भरून दिली आणि चाळीच्या बैठकीत सगळं सांगितलं.

आता विटा मीच करतोय. गाळलेली माती दोन पट्ट्यांमध्ये लाटायची, पातळ पात्याने कापायची, सावलीत सुकवायची. सुकताना आणि भाजताना मिळून माझी माती दहा टक्के आकसते, म्हणून कापताना वीट साडेदहा मिलिमीटरची ठेवतो. धारावीच्या कुंभारवाड्यात एका कुंभारकाकांनी पणत्यांच्या गर्दीतही जागा दिली. राखेत हरवू नयेत म्हणून त्यांनी विटा झाकणाच्या मडक्यात भरून भट्टीत ठेवल्या. पहिल्या खेपेच्या 1,100 पैकी 940 धड निघाल्या. त्यातल्या वीस, अगदी मडक्याच्या तळातल्या, मी तिथेच बादलीत टाकल्या आणि तासभर बसून राहिलो.

विहिरीचा कठडा पूर्ण झालाय, भिंत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आलीय. काकू रोज संध्याकाळी येऊन थर मोजतात. कुणाला अशी मोठी ऑर्डर द्यायची असेल तर आधी माझ्याकडे येऊन दोन्ही विटा हातात घेऊन बघा. कच्च्या पाकिटांतली दोन मी मुद्दाम राखून ठेवली आहेत.