नाव डीएओचे, आत पपईचा चीक

गेल्या वर्षी अडीच महिन्यांत माझे 36,700 रुपये गेले. तपासणीचे 12,600, सल्ल्याचे 2,500 आणि कॅप्सूलच्या सहा बाटल्यांचे 21,600, असा तो हिशेब. पैशांबरोबर पाच किलो वजन गेले, हिमोग्लोबिन उतरले आणि घरातल्या ताटावरचा विश्वासही गेला. ज्या आजाराच्या नावावर हे झाले तो आजार खोटा नाही, आणि फसवणूक ओळखायला मला उशीर झाला तो नेमका त्यामुळेच.

सप्टेंबरमध्ये कणकवलीला माहेरी गेले असताना दुपारच्या जेवणात बांगड्याचे तिखले होते. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात माझा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले, छातीत धडधड वाढली आणि हातांवर गांधी उठल्या. गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने संध्याकाळपर्यंत आराम पडला. पुण्याला परतल्यावर मात्र टोमॅटोचे सार, वांग्याचे भरीत किंवा लोणचे खाल्ले की डोके जड होणे, नाक वाहणे आणि पोट फुगणे हे प्रकार अधूनमधून होऊ लागले. शोधता शोधता ‘हिस्टामाइन असहिष्णुता’ हा शब्द सापडला. हिस्टामाइन म्हणजे ॲलर्जीसारखी लक्षणे घडवणारे रसायन. अन्नातून येणाऱ्या या हिस्टामाइनचे विघटन आतड्यातले डायअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे डीएओ, हे एन्झाइम करते आणि ते अपुरे पडले तर अशी लक्षणे दिसतात, हे वाचल्यावर माझ्या सगळ्या तक्रारींना एकदम नाव मिळाले. नाव मिळालेला माणूस किती लवकर विश्वास ठेवतो, हे तेव्हा कळायला हवे होते.

त्याच आठवड्यात मोबाइलवर एका आहारसल्लागार बाईंची जाहिरात दिसली. फोनवरचे त्यांचे बोलणे अतिशय समजूतदार होते. “ताई, डॉक्टर याला ॲलर्जी म्हणून सोडून देतात, मुळापर्यंत कोणी जात नाही,” हे त्यांचे पहिले वाक्य आणि तेच मला सर्वांत पटले. बोटाच्या टोकाचे रक्त कागदावर घेऊन दोनशेहून अधिक पदार्थांची तपासणी करायची, अहवालाप्रमाणे पथ्य पाळायचे आणि त्याच्या जोडीला ‘डीएओ सपोर्ट’ नावाची पूर्ण शाकाहारी कॅप्सूल सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना घ्यायची, अशी त्यांची योजना होती. मी कोणती औषधे घेते, हे त्यांनी विचारलेच नाही. वास्तविक काही औषधे, विशेषतः अमॉक्सिसिलिनसोबत दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, डीएओचे काम मंदावतात असे वैद्यकीय लेखनात नमूद आहे, आणि दाताच्या दुखण्यासाठी मी त्याच महिन्यात ते घेतले होते.

अहवाल आला तेव्हा गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, केळी आणि अंडी लाल रंगात होती. म्हणजे मी ज्यावर रोज जगते ते सारे. पुढे डॉक्टरांनी समजावले की या तपासणीत आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे मोजतात. ती एखादा पदार्थ आपण नियमित खातो याची खूण असतात, तो बाधतो याची नव्हे. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच अन्नाच्या असहिष्णुतेचे निदान करण्यासाठी ही तपासणी वापरू नये, असे स्पष्ट केले आहे. शिवाय हिस्टामाइनचा आणि या तपासणीचा काही संबंधच नाही. पण रंगीत तक्त्यावर आपले नाव छापून आले की शंका काढण्याचे धैर्य राहत नाही.

पथ्याची यादी चार पानांची होती. टोमॅटो, वांगे, पालक, लोणचे, पापड, इडली, ढोकळा, दही, चीज, मासे, अहवालातली सगळी लाल नावे आणि शिवाय ‘तीन तासांपूर्वी शिजवलेले काहीही’. उरले ते भात, दुधी, दोडका, तूप आणि सफरचंद. पहिल्या पंधरा दिवसांत खरोखरच बरे वाटले. मी ते श्रेय कॅप्सूलला दिले आणि उरलेल्या चार बाटल्यांचे पैसे एकरकमी पाठवले. ते एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने गेले. बिल मागितल्यावर जीएसटी क्रमांक नसलेली एक साधी पावती मोबाइलवर आली.

त्यानंतर पुन्हा डोके दुखू लागले, आणि इथून पुढचा भाग मला सर्वांत नीट सांगावासा वाटतो. प्रत्येक तक्रारीनंतर बाई शांतपणे विचारीत, “ताई, काल काय खाल्लेत?” मी सांगत जायची आणि त्यांना हमखास चूक सापडायची. भात चार तासांपूर्वीचा होता, फोडणीत मोहरी होती, शेजारच्या घरी चहा घेतला होता. चार पानांचे पथ्य संसारी बाईकडून शंभर टक्के पाळले जाणे शक्यच नव्हते, आणि ते तसे अशक्य असणे हीच त्या कॅप्सूलची हमी होती. गोळीने गुण आला तर गोळीचे यश, न आला तर माझा हलगर्जीपणा. सहाव्या आठवड्यात त्यांनी मला लिव्होसेट्रिझिन, म्हणजे मी घेत असलेली ॲलर्जीची गोळी, बंद करायला सांगितले, कारण म्हणे त्यामुळे एन्झाइमला ‘स्वतः काम करण्याची सवय’ लागत नाही. मी ते बंद केले आणि दोन रात्री अंगावरच्या गांधींनी तळमळत काढल्या. तेव्हाही मी त्यांची क्षमा मागितली, हे आज लिहिताना लाज वाटते.

दिवाळीनंतर औषधनिर्माणशास्त्र शिकणारी माझी भाची घरी आली. तिने बाटली उलटी करून बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाली, “मावशी, यात डीएओ कुठे आहे?” घटकांत क जीवनसत्त्व, ब 6, थोडे तांबे, क्वेर्सेटिन हे वनस्पतींतले द्रव्य आणि पपेन होते. पपेन म्हणजे पपईच्या चिकातले एन्झाइम. ते प्रथिने तोडते. हिस्टामाइनशी त्याचे काही देणेघेणे नाही. ‘डीएओ सपोर्ट’ म्हणजे डीएओ नव्हे, तर डीएओला मदत करतात असे सांगितले जाणारे घटक, असा त्या नावाचा वकिली अर्थ होता. खऱ्या डीएओ पूरकांत हे एन्झाइम बहुधा डुकराच्या मूत्रपिंडातून काढलेले असते आणि त्याची ताकद एचडीयू या एककात छापलेली असते. मोड आलेल्या वाटाण्यापासूनही ते मिळवतात, पण तसे असेल तर लेबलवर तेही लिहिलेले असायला हवे. प्राणिज घटक असेल तर आपल्याकडे चौकोनातले तपकिरी त्रिकोणी चिन्ह लागते. बाटलीवर हिरवा ठिपका होता, आणि त्याबाबतीत ती बाटली प्रामाणिकच होती म्हणायची.

कॅप्सूल कधी घ्यायची, यावरूनही मला कळायला हवे होते. बाहेरून घेतलेले डीएओ फक्त आतड्यात, त्या वेळी पोटात आलेल्या अन्नावर काम करते. रक्तात गेलेल्या किंवा शरीराने स्वतः तयार केलेल्या हिस्टामाइनवर नाही. म्हणून ते जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटे घ्यायचे असते. रात्री उपाशी पोटी झोपताना ते घेऊन ते कशावर काम करणार होते? भाचीने बाटलीवरचा चौदा आकडी परवाना क्रमांक अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फोसकॉस संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो एका मसाले दळणाऱ्या कारखान्याचा निघाला. आरोग्यपूरकांवर सक्तीने छापावे लागणारे ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्यही बाटलीवर नव्हते.

त्यानंतर मी पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी ॲलर्जी आणि सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराच्या, तपासण्या करून घेतल्या आणि मग सांगितले की हिस्टामाइन असहिष्णुतेचे निदान पक्के करणारी एकही रक्ततपासणी आज नाही. रक्तातली डीएओची पातळीसुद्धा भरवशाची नसते. दोन-तीन आठवडे हिस्टामाइन कमी असलेला आहार घ्यायचा, लक्षणांची वही ठेवायची आणि मग एकेक पदार्थ परत आणून पाहायचा, हाच त्यातला खरा मार्ग, आणि त्याला पैसे लागत नाहीत. बांगड्याची हकिगत ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी आणखी कोणाला त्रास झाला होता का? तेव्हा मला आठवले की वहिनीचाही चेहरा तापला होता. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले तर जिवाणू त्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे हिस्टामाइन करतात; शिजवून वा गोठवून ते जात नाही, आणि निरोगी माणसालाही बाधते. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात माशाच्या एका किलोला 200 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ज्या घटनेवर मी माझ्या आजाराचे सारे बांधकाम उभे केले होते, ती बहुधा शिळ्या माशाची विषबाधा होती.

पदार्थ परत आणताना टोमॅटो जास्त झाला आणि लोणचे रोज खाल्ले तर मला त्रास होतो, एवढेच निश्चित ठरले. गहू, दूध, तूर, शेंगदाणे सगळे पचते. मासे मी आता कल्ले लाल आणि अंग घट्ट असेल तरच, तेही बर्फातले, घेते.

बाईंना पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी न उघडलेल्या दोन बाटल्यांचे 7,200 रुपये देऊ केले, पण कोठेही तक्रार करणार नाही असे लिहून द्यावे लागेल, या अटीवर. मी ते नाकारले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, लेबलाची छायाचित्रे आणि परवान्याच्या पानाची प्रत अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही, हे मला नंतर कळले. त्याचे कागद आता तयार करते आहे. फोनवरचे संदेश मी सुरुवातीलाच रागाने पुसून टाकले होते, ही माझी आणखी एक चूक. त्यामुळे लिव्होसेट्रिझिन बंद करायला सांगितल्याचा पुरावा हातात उरलेला नाही. पावती, बँकेची नोंद आणि त्या दोन सीलबंद बाटल्या मात्र आहेत.