बंदूक की काडी? ताप मोजायच्या दोन यंत्रांचा आजीचा अनुभव

लेकीने दिवाळीत कपाळावर रोखायची ती थर्मामीटरची बंदूक पाठवली. काखेत धरायची साधी डिजिटल काडी घरात आधीपासून होती, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दीडशेला आणलेली. बंदूक तिच्या आठपट महाग. जुलैमध्ये नातू चार दिवस माझ्याकडे सांगलीला होता, तेव्हा एकाच रात्रीत दोन्हींची परीक्षा झाली.

नातू साडेतीन वर्षांचा, वजन 14 किलो. रात्री जेवला नाही, कुरकुर करत झोपला. अकराला हात लावला तर पोट चटका बसावा असं तापलेलं. माझ्या सवयीने आधी कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, वर पंखा चालू. मग बंदूक रोखली. टुंग! 97.1. हिरवा दिवा. मी खूश. फोनवर लेक म्हणाली, "आई, तू हाताने काय म्हणतेस ते सांग आधी." हात तर काही वेगळंच सांगत होता. मग काडी काढली, बनियनच्या आत काखेत घातली, दंड अंगाशी दाबून धरला. 102.6.

दोष बंदुकीचा किती आणि माझा किती? निम्मा निम्मा म्हणू. ती कातडीवरची उष्णता वाचते. ओलं कपाळ, घाम, वाऱ्याचा झोत, सगळ्याने आकडा खाली येतो. कपाळ पुसून, पंखा बंद करून, थोडं थांबून मोजायचं असतं. शिवाय हिच्यात दोन मोड आहेत, एक माणसासाठी, एक वस्तूंसाठी, आणि बाजूचं बटण चुकून दाबलं की मोड बदलतो. संध्याकाळी नातवाने 'आजोबांना गोळी' घालताना तेच केलं होतं. पडद्यावर माणसाच्या जागी डबीचं चित्र आलेलं, ते मला चष्मा लावल्यावर दिसलं. हे सगळं माहितीपत्रकात आहे म्हणे, पण ते इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं.

कपाळ कोरडं करून, योग्य मोडवर आणून मोजलं तेव्हा 101.9 आलं. म्हणजे यंत्र खोटं नाही, लहरी आहे.

औषधाचंही सांगून ठेवते. कपाटात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या निघाल्या. एकीवर 5 मिलीत 120 मिलिग्रॅम, दुसरीवर 5 मिलीत 250. रंग जवळपास सारखा, वासही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 250 वालं 4 मिली आणि दोन डोसांत सहा तासांचं अंतर असं स्पष्ट लिहिलेलं, म्हणून निभावलं. चहाच्या चमच्याने अंदाजे दिलं नाही, बाटलीबरोबरच्या मापानेच दिलं. वेळ आणि ताप कालनिर्णयच्या चौकोनात लिहिला, दुधाच्या हिशेबाशेजारी: 11.20, 102.6, 4 मिली. झोपेने डोकं जड झालं की 'मघाशी दिलं होतं का?' हा प्रश्न पडतोच.

बंदुकीचं खरं कौतुक त्यानंतर. पोरगं झोपलेलं असताना काखेत काडी घालायची म्हणजे कूस बदलवा, हात उचला, की रडं सुरू. बंदुकीने एक वाजता, अडीचला, चारला मोजलं, त्याला पत्ताही नाही. आकडे मोठे, अंधारात उजेड पडतो. एवढंच की तिचं 'टुंग' बंद करता येतं हे मला सकाळी कळलं. काडीचा आवाज उलट इतका बारीक की माझ्या कानांना ऐकूच येत नाही, घड्याळ बघत बसावं लागतं. आणि तिला लागतो बटणासारखा छोटा सेल. तो संपला तर रात्री कुठून आणणार? बंदुकीला निदान टीव्हीच्या रिमोटचे सेल चालतात.

माझा हिशेब असा: काडीला साडेचार तारे, बंदुकीला तीन. एकच घेणार असाल तर काडी घ्या, वर एक जादा सेल घेऊन ठेवा. दोन्ही असतील तर झोपेतली पाळत बंदुकीने आणि औषध द्यायचं की नाही ते काडीने ठरवा. पोर सुस्त पडलं, पाणी घेईना, झटके आले, तर मात्र मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

पहाटे घामाने उशी भिजली. सहाला काडीवर 99. साडेसहाला साहेब उठले, मऊभात मागितला आणि बंदूक घेऊन माझ्या चहाच्या कपावर रोखली. 138. डबीवाला मोड कशासाठी असतो ते तेव्हा समजलं.