रोटाव्हायरसची ‘लस’ म्हणून 14,850 रुपयांना गंडवलं

आठवड्याभराची चार वासरं, पिवळी पाण्यासारखी हगवण, डोळे खोल गेलेले. अशात पांढरा कोट घातलेला एक ‘डॉक्टर’ गोठ्यात आला. म्हणाला, “रोटा आहे, नाहीतर गुरांचा कोरोना. अँटिबायोटिकनं व्हायरस मरत नाही.” हे खरंच आहे, म्हणून तर विश्वास बसला! पुढं म्हणाला, “ही लस टोचली की संध्याकाळी हगवण बंद.” वासरामागे दोन, अशा आठ बाटल्या, 1,800 प्रमाणे 14,400. वर टोचणावळ 450.

बाटल्या त्यानं गाडीच्या डिकीतून काढल्या. बर्फ नाही, थर्मास नाही. लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते आणि ती बाटली हाताला गरम लागत होती. गरम! मी स्वतः धरली होती ती. पण रात्रभर जागलेल्या माणसापुढे वासरू मान टाकत असताना थर्मास कोण विचारतो? तुम्हीही पैसे काढून दिले असते.

हगवण लागल्यावर लस टोचून वासरू बरं होत नाही. रोटा-कोरोनाची लस साधारणपणे गाभण गाईला, विण्याआधी देतात. तिची प्रतिकारशक्ती चिकातून वासराला मिळते. चीक जन्मल्यापासून सहा तासांच्या आत पाजा, दिवस उलटला की आतडं ती शोषत नाही. आणि वासरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. क्षारांचं पाणी पाजायचं, उठत नसेल तर शिरेतून सलाईन. या भामट्यानं दूध बंद करायला लावलं, क्षारपाण्याचं नावही काढलं नाही. दोन वासरं गेली.

तक्रारीला गेलो तर चौकीत हसले. “पावती?” पावती मागितली तेव्हा ‘उद्या देतो’ म्हणाला होता. पावतीशिवाय टोचूच देऊ नका, बाटलीवरचा बॅच नंबर नि मुदत आधी मोबाइलवर टिपून घ्या. चौकीनं पशुवैद्यकीय खात्याकडे पाठवलं. ते म्हणाले, औषध बनावट असेल तर ते औषध प्रशासनाचं, औषधवाल्यांचं काम. औषधवाले म्हणाले, जनावर मेलंय ना, मग शवविच्छेदनाचा अहवाल आणा. वासरं तर पुरलेली! शेवटी एका साहेबांनी मेहेरबानी करून फाइल उघडली आणि तपासणीला नमुना मागितला. रिकाम्या बाटल्या पुढं केल्या. त्या चालत नाहीत म्हणे, सीलबंद भरलेली हवी. म्हणजे आता त्याच चोराकडून आणखी 1,800 देऊन घ्यायची!