जुनी एक्सपल्स २००: एक पावसाळा काढल्यावर (आणि बराचसा स्पोकांबद्दल)

केळशीच्या उतारावर पुढच्या चाकाचा स्पोक तुटला, म्हणून लिहायला बसलो.

गाडी म्हणजे हीरोची एक्सपल्स, कच्च्या वाटांसाठीची बाईक; २०१९ ची, कार्ब्युरेटरवाली. नवीच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाली. इंजिन, चेन-स्प्रॉकेट, नाव बदलायचे फॉर्म २९-३०, बँकेचा बोजा हे सगळेच बघतात. किनाऱ्यावरची गाडी घेताना मात्र आधी स्पोक बघा. टाकी चकाचक पुसता येते, पण निपलच्या (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या नटाच्या) मुळाशी धरलेला गंज लपत नाही. पान्याने एकेक स्पोक वाजवा: ताणलेला खणखणीत वाजतो, सैल पडलेला बद्द.

मेकॅनिकने टायर उतरवून रिमची पट्टी (ट्यूब आणि निपलच्या मधली रबरी पट्टी) काढली तर आत वाळू आणि गंजाचा भुगा. "पुळणीवर फिरवलेली हाय ही," एवढंच तो म्हणाला. यात गाडीचा दोष नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, पट्टीखाली तो सुकतच नाही आणि स्पोक आतून खात जातो. वरून ताडपत्री घट्ट बांधली की आणखीच वाईट.

एका मोठ्या गॅरेजने अख्खं चाक बदलायला सांगितलं. चांगली रिम भंगारात कशाला घालायची? दापोलीत स्पोक-निपलचा नवा सेट टाकून, रिमचा आऊट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, काढून घेतला. खर्च त्याच्या पाव हिश्श्याहून कमी.

उन्हाळ्यात माझं मत होतं की २१ इंची पुढचं चाक म्हणजे नसती डोकेदुखी. डांबरावर वळताना जड, ट्यूब गावात मिळत नाही. जूनमध्ये ते पार बदललं. सड्यावरचा निसरडा जांभा, बागेतली लाल चिखलाची वाट, वाहून गेलेली साकव-वाट, सगळीकडे हे चाक दगड चढून जातं आणि जमिनीपासूनचा २२० मिलिमीटरचा क्लिअरन्स खालून काही लागू देत नाही. माझ्या जुन्या १०० सीसीने तिथे जायचं नावच काढलं नसतं.

आता दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरलो की घरी पोचताच गोड्या पाण्याने चाकं धुतो, वाळली की स्पोकांवर तेलाचा बोळा फिरवतो. सोबत ट्यूब एकच ठेवतो, २१ चीच. अडीनडीला ती मागच्या १८ इंची टायरात कोंबून घरापर्यंत येता येतं. १८ ची पुढे चालत नाही.