सर्व्हिसिंग घरी की सर्व्हिस सेंटरला? काही महिन्यांच्या वापरानंतर

चेनवर चालणाऱ्या मोटरसायकलची सगळी सर्व्हिसिंग घरी करायची गरज नाही, पण सगळी बाहेर देणंही चेनला परवडत नाही. दोन सर्व्हिसिंगमध्ये काही हजार किलोमीटर जातात आणि चेनला तर साधारण दर ५०० किलोमीटरला तेल लागतं, पावसात त्याहून लवकर. काही महिने चेन आणि ऑइल घरी, बाकीचं बाहेर अशी वाटणी केल्यावर सर्वात मोठा फरक चेनमध्येच दिसला: आवाज कमी आणि ताण टिकून.

धुताना रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोलने चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात, तारेच्या ब्रशने फाटतात. इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवा. गिअरमध्ये चालू ठेवलं तर बोट स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात जातं. कोरडी पुसून ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल खालच्या पट्ट्याला आतल्या बाजूने लावा, म्हणजे फिरताना ते बाहेर पसरतं. रात्रभर मुरू द्या, सकाळी जास्तीचं पुसा.

ढील, म्हणजे चेन किती वर-खाली हलते ते, मोजताना बहुतेक जण एकाच जागी मोजतात. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत सर्वात घट्ट जागा शोधा आणि ढील तिथेच मोजा. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिमी सांगितलेली असते. स्टँड कोणता, हेही मॅन्युअलमध्ये बघा, त्याने आकडा बदलतो. दोन्ही अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा, सारखेच. अ‍ॅक्सल नट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना चेन बऱ्याचदा ताणली जाते. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्याने पेडलचा प्ले बदलतो, तोही लावून घ्या. फार ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. ढिलीपेक्षा हे नुकसान महाग.

ऑइल बदलणं सोपं आहे. इंजिन कोमट, वॉशर नवा, ड्रेन बोल्टचे (खालून ऑइल काढायचा बोल्ट) पहिले आटे हातानेच. ग्रेडसोबत 'जासो एमए' किंवा 'एमए२' हे मोटरसायकलच्या ऑइलचं मानक बघा. बहुतेक गाड्यांत क्लच त्याच ऑइलमध्ये भिजतो आणि कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरतो. सांगितलेल्यापेक्षा १०० मिली कमी ओता, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, थोडं थांबा, गाडी सरळ उभी करून पातळी बघत बाकीचं घाला.

यात टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) नसेल तर ऑइलला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. ड्रेन बोल्ट बऱ्याचदा २० ते ३० न्यूटन मीटरला आवळायचा असतो आणि त्याचे आटे अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये असतात. अंदाजाने आवळले की जातात. अ‍ॅक्सलसाठीचा मोठा रेंच इथे चालत नाही, खालच्या आकड्यांवर तो चुकतो. लहान रेंच वेगळा घ्या आणि काम झालं की सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवा.

एबीएसच्या ब्रेकची हवा काढणं, शिमवाले (पातळ चकत्यांनी अंतर जुळवायचे) व्हॉल्व्ह आणि पुढचा फोर्क सर्व्हिस सेंटरलाच द्या. वॉरंटीतल्या ठरलेल्या सर्व्हिसिंगही तिथेच, नोंद राहते. गाडी देताना 'चेन ताणू नये' असं जॉब कार्डवर लिहून घ्या आणि परत आल्यावर घट्ट जागेची ढील एकदा मोजा.