कोटिंग म्हणून सांगितले, लावले निव्वळ सिलिकॉन तेल

मोटारसायकलचे न रंगवलेले काळे प्लास्टिक, म्हणजे मागचे मडगार्ड, टाकीखालची पॅनेल, हेडलाइटभोवतीची चौकट, काही उन्हाळे काढले की करडे पडते. मग कुणीतरी ‘सिरॅमिक कोटिंग करून देतो, वर्षभर बघायला नको’ असे सांगून गाडी ठेवून घेतो. तासाभरात गाडी परत मिळते. प्लास्टिक नव्यापेक्षाही काळेभोर, ओलसर चमकणारे. तिसऱ्या-चौथ्या धुण्यात पाणी ओघळते तिथे करडे पट्टे उमटतात आणि तक्रार घेऊन गेले की उत्तर ठरलेले: ‘शाम्पू चुकीचा वापरलात.’ शाम्पूचा काही दोष नसतो. कोटिंग, म्हणजे घट्ट होऊन बसणारा थर, झालेलेच नसते, सिलिकॉन तेल फासून दिलेले असते.

तेलाने डोळा फसतो, त्यामागे साधे कारण आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकचा सगळ्यात वरचा पातळ थर तुटत जातो आणि त्यात बारीक भेगा पडतात. त्या भेगांवर प्रकाश विखुरतो, म्हणून पृष्ठभाग पांढरट दिसतो. आतला काळा रंग बहुतेक वेळा जागेवरच असतो. भेगांत कोणतेही द्रव भरले की विखुरणे थांबते आणि काळेपणा लगेच परत येतो. साध्या पाण्यानेही येतो, फक्त ते वाळते. सिलिकॉन तेल वाळत नाही, पण घट्टही होत नाही. पावसाने, साबणाने आणि घासण्याने ते निघत जाते, तोवर धूळ धरून ठेवते. त्यामुळे काम संपल्या-संपल्या काढलेल्या ‘आधी-नंतर’च्या फोटोला काडीची किंमत देऊ नये. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात हाही पुरावा नव्हे. तेलावर आणि मेणावरही ते तसेच उभे राहतात.

खरे कोटिंग ओळखायचे ते वेळेवरून. धुणे, खाचांतला मळ काढणे, पूर्ण सुकवणे, अल्कोहोलने पुसणे, कोटिंग लावणे, ते बसू देणे, यात अर्धा दिवस सहज जातो. नंतर बहुतेक उत्पादनांना किमान 24 तास पाणी लागू द्यायचे नसते. गाडी देताना ‘आज धुवू नका, पावसात नेऊ नका’ असे कुणी बजावले नाही, तर तिथेच शंका घ्यावी. कोटिंगची बाटली लहान असते, साधारण 30 ते 50 मिलीलीटरची, आणि हवेतल्या ओलाव्याने आतला माल घट्ट होतो म्हणून झाकण लगेच लावावे लागते. मोठ्या कॅनमधून स्पंजावर ओतलेले किंवा स्प्रेने फवारलेले दाट, गुळगुळीत द्रव बहुधा ड्रेसिंगच, म्हणजे तात्पुरती चमक देणारे तेलकट द्रव, असते. ड्रेसिंग विकण्यात गैर काही नाही. ते कोटिंगच्या नावाने आणि कोटिंगच्या दराने विकणे ही फसवणूक.

तपासणी दोन दिवसांनी करावी. कोरडा टिश्यू पेपर प्लास्टिकवर दाबून धरा. तेलकट डाग उमटला तर वेगळे सांगायला नको. मग न दिसणाऱ्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेवर, एका भागाला दहा भाग पाणी घातलेला ऑल पर्पज क्लीनर आणि मऊ नायलॉन ब्रश फिरवा, धुवा, सुकू द्या. तेल असेल तर तेवढाच चौकोन करडा दिसेल. बसलेले कोटिंग एका घासण्यात असे जात नाही.

पैसे गेले एवढ्यावर भागत नाही. भेगांत मुरलेल्या सिलिकॉनवर पुढे खरे कोटिंग धरत नाही, रंग मारला तर त्याला ‘फिश आय’ म्हणतात तसे छोटे गोल खड्डे पडतात. आणि स्प्रे फवारताना उडालेले तुषार ब्रेक डिस्कवर, टायरवर किंवा फुटरेस्टवर बसले तर प्रश्न दिसण्याचा उरत नाही, जिवाचा होतो. डिस्क झाकलेली नसेल तर गाडीजवळ स्प्रे काढूच देऊ नये.

फसवणुकीचा दुसरा प्रकार हीट गनचा. गरम हवेने वरचा थर वितळतो, भेगा मिटतात आणि काळा रंग खरोखर परत येतो, म्हणून याला ‘कायमचा इलाज’ म्हणून खपवतात. तुटलेले प्लास्टिक त्याने नवे होत नाही. उन्हात ते पुन्हा करडे पडते. गाडीच्या या भागांना वापरतात त्या प्लास्टिकांपैकी पॉलिप्रोपिलीन साधारण 160 अंश सेल्सियसला वितळते, एबीएस 105 च्या आसपास मऊ पडते, आणि गनची हवा 500 अंशांपर्यंत जाऊ शकते. हात एका जागी क्षणभर रेंगाळला की दाणेदार पोत चकचकीत होतो किंवा पॅनेल वाकते, आणि ते पुन्हा सरळ करता येत नाही. पेट्रोलची टाकी बसलेली असताना हे काम करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावे.

तिसरा प्रकार सगळ्यात संतापजनक. प्लास्टिक फिकट पडलेलेच नसते. टाकी पॉलिश करताना लागलेले मेण किंवा कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) प्लास्टिकच्या दाण्यांत वाळून पांढरे झालेले असते. अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ते निघते. त्यासाठी ‘रिस्टोरेशन’चा दर लावला जातो.

तेल लागलेच असेल तर ते आधी पूर्ण काढावे लागते. वर सांगितलेल्या क्लीनरने भाग दोन-तीनदा घासून धुवा, प्रत्येक वेळी सुकवून पाहा. सगळीकडे सारखा करडा रंग दिसला म्हणजे तेल गेले. नुसत्या अल्कोहोलवर विसंबू नये, त्याने सिलिकॉन पुरते निघत नाही. खाचा आणि क्लिपांतले पाणी जायला काही तास द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सावलीत, हातमोजे घालून, लहान कापडावर कोटिंगचे पाच-सहा थेंब घ्या, एका वेळी एकच पॅनेल करा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेत जादा माल पुसा. राहिला तर तो डागासारखा घट्ट बसतो. दाणेदार प्लास्टिकला सँडपेपर मात्र लावू नये, घासला गेलेला पोत परत येत नाही.