चार्टर शाळांचा पैसा: ओहायो की मॅसॅच्युसेट्स?

अमेरिकेतल्या या दोन्ही राज्यांत चार्टर शाळा, म्हणजे सनद (परवाना) घेऊन स्वतंत्रपणे चालवलेल्या शाळा, सरकारी पैशावर चालतात, पण राखणदार वेगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये परवानगी देणारं एकच राज्य शिक्षण मंडळ. सनद पाच वर्षांची, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण. मंजुरी मिळवायला घाम फुटतो, हे खरं.

ओहायोत मात्र देखरेख करणारे ‘प्रायोजक’ अनेक, त्यात ना-नफा संस्थाही. त्यांचं शुल्क शाळेच्याच सरकारी अनुदानातून, ३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे शाळा बंद केली तर आपलंच उत्पन्न बुडणार! तिथल्या ‘ईकॉट’ या ऑनलाइन शाळेने १५ हजारांहून जास्त पट दाखवला. २०१५-१६च्या तपासणीत पुरावा मिळाला सुमारे ६,३०० जणांचा. राज्याने सुमारे ६ कोटी डॉलर परत मागितले. जानेवारी २०१८मध्ये, ऐन वर्षात, शाळेला टाळं लागलं.

माझा कौल मॅसॅच्युसेट्सला.